उगमाचं तापमान

चहाला पोहण्याच्या तलावाचा वास येत होता. रिम्माने कप तोंडाजवळ नेला, पण ओठ लागायच्या आत नाक सावध झालं आणि हात तिथेच थांबला. ओली फरशी, दुसऱ्यांच्या केसांनी तुंबलेली मोरीची जाळी, शाळेतर्फे सक्तीने पोहायला नेत तिथली कपडे बदलायची कोंदट खोली, हे सगळं एका कपाच्या वाफेत. समोर नेल्ली बिस्किट बुडवून मजेत चहा पीत होती. ही नेल्ली वीस वर्षं तिच्या टेबलासमोरच्याच टेबलावर बसत आली आहे. खिडकीखाली पाच लिटरची प्लॅस्टिकची बाटली होती आणि तिच्यावर नेल्लीने निळ्या पेनाने लिहिलं होतं, ‘संताचं पाणी, उकळू नये’. आणि त्याचाच चहा केला होता.

“अगं पी ना, काय न्याहाळतेस त्यात? झऱ्याचं आहे. सकाळी सातला रांग लावून आणलंय, तुम्हा सगळ्यांसाठी.”

“वास येतोय, नेल्ली.”

“तुझ्या नाकाचंच काहीतरी बिघडलंय. परवा लिफ्टला वास येत होता, काल साहेबांच्या कोटाला. ह्या वयात होतं असं बाई, डॉक्टरला दाखव.”

रिम्माने चहा बेसिनमध्ये ओतला. नेल्लीने डोळे मोठे करून छातीवर क्रूसाची खूण केली. जलखात्याच्या प्रांतिक कचेरीत अठ्ठावीस वर्षं नद्या मोजण्याचं काम केलेल्या बाईला एवढं तरी कळतं की झऱ्याच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत नाही. नळखातं महिन्यातून एकदा नळात जास्त क्लोरीन सोडतं, त्या दिवशी नळाला येतो. सोमवारी सोडला होता, वास दोन-तीन दिवस राहतो. आज बुधवार. तिने हे मनातल्या मनात एकदा मांडलं, आणि मग दुसऱ्यांदा मांडायची तिला भीती वाटली. कारण टेबलावर जी फाईल उघडी पडली होती ती त्याच झऱ्याची होती.

लुश्मा नदी. लांबी सतरा किलोमीटर, ओका ह्या मोठ्या नदीला उजवीकडून मिळते. नकाशावर केसाएवढी निळी रेघ. शहराबाहेरच्या कुणाला तिचं नाव माहीत असायचं कारण नाही आणि शहरातल्यांना ती आहे हेच माहीत नाही. ते तिला नुसतं ‘घळ’ म्हणतात, आणि घळीत जे टाकायचं ते टाकतात. पण तिच्या वरच्या दीड किलोमीटरला संरक्षित निसर्गाचा दर्जा आहे, उगमाच्या झऱ्यापायी. दर दहा वर्षांनी दोन पानांचा फॉर्म भरून तो दर्जा पुढे चालू ठेवावा लागतो. फॉर्मवर एक चौकट असते, उगमाशी पाण्याचं तापमान. तिथे सहा लिहिलं की झरा. झरा असला की खोरं सुरक्षित, वरून कुणी खणायचं नाही, कुणी भरायचं नाही. तिथे चौदा लिहिलं की तो झरा नव्हे, फुटका नळ. मग नळखातं येऊन नळ बदलणार, पाणी बंद होणार, आणि वरच्या रस्त्यावर ज्यांनी बाबागाडी ढकलणाऱ्या हसऱ्या जोडप्याचं चित्र वर्षभर लावून ठेवलंय ते बिल्डर घळ मातीने भरून काढणार. साहेब तिच्याहून सतरा वर्षांनी लहान होते. ते सोमवारीच म्हणाले होते, “शुक्रवारी सकाळी माझ्या टेबलावर हवं. मागचे आकडे आहेतच, उतरवून काढा, त्यात काय.” मागचे आकडे रिम्मानेच भरलेले होते. त्याच्या मागचेही. दोन्ही वेळा तिने सहा लिहिलं होतं, कचेरीत बसून, थर्मामीटर न बुडवता. झऱ्याचं तापमान बदलत नसतं, मग कशाला जायचं.

जेवणाच्या सुट्टीत तिने कपाटातून थर्मामीटर काढला, पर्समध्ये टाकला आणि ट्रॉलीबसने घळीशी गेली. सप्टेंबरची कोरडी दुपार होती. उतारावरच्या पायऱ्यांना आता निळा रंग दिलाय, कठड्याला लोकांनी नवसाच्या चिंध्या बांधल्यात. पावसाने रंग जाऊन त्यांची लक्तरं झालेली. खाली गिलाव्याचं चॅपेल, त्याच्या बाजूच्या भिंतीतून एक चकचकीत तोटी, तोटीवर संताची तसबीर. रांगेत सात-आठ बायका, ढकलगाड्यांवर बाटल्या. पायाखाली सूर्यफुलाच्या बियांची टरफलं, थुंकून थुंकून त्यांचा गालिचा झालेला, त्यावर चालताना बुटाखाली कुरकुर आवाज येई. एक बाई तोटीखाली तोंड धरून आ वासून पीत होती. तिच्या हनुवटीवरून पाणी गळ्यात, गळ्यावरून ब्लाउजमध्ये जात होतं, आणि तिच्या मागची तोच ओला नळ पुसून तसबिरीला हात लावत होती. रिम्माला वाटलं, आपण मागे फिरावं.

“आज औषधी उतरलंय हो पाणी,” रांगेतली एक दुसरीला सांगत होती. “वासच येतो बघा दवाखान्यासारखा. महिन्यातनं एकदाच असतं असं. माझी बहीण त्या दिवसाचं वेगळं भरून ठेवते, गुडघ्यांना चोळायला.”

“आणि तुम्ही कशाला मध्ये घुसताय?” दुसरी रिम्मावर वसकली. “डोक्याला रुमाल नाही, हातात बाटली नाही. रांग दिसत नाही का?”

“फक्त मोजायचंय.”

“देवाचं पाणी मोजायला निघाल्या!”

चौदा पूर्णांक दोन. तिने थर्मामीटर तोटीखाली धरून पाच मिनिटं ठेवला, झटकून परत धरला. चौदा पूर्णांक दोन. खरं म्हणजे थर्मामीटरची गरजच नव्हती. जमिनीच्या पोटातल्या पाण्याला उन्हाळा-हिवाळा ठाऊक नसतो, ते बारा महिने सहाच्या आसपास असतं. जानेवारीत स्नानाच्या सणाला सगळं शहर इथे कुडकुडत उभं राहतं तेव्हा खऱ्या झऱ्यातून वाफ निघायला हवी, आणि इथे तर तोटीला बर्फाची दाढी लटकते. तिने स्वतः पाहिली होती ती दाढी. वर्षानुवर्षं पाहिली होती. डोळ्यांनी पाहिलेलं डोक्यात जाऊ नये म्हणून माणूस किती मेहनत घेतो, आणि त्या मेहनतीचा घामसुद्धा येत नाही. पायऱ्या चढताना तिला स्वतःच्या अंगाचाच वास यायला लागला, ऑफिसच्या खुर्चीचा, कपाटातल्या कागदांचा, एकावन्न वर्षांच्या बाईचा, जिने आयुष्यभर उतरवून काढलं.

कारण हा झरा तिने शोधला होता. म्हणजे त्यांच्या शाळेने. पण हात तिचा होता. शहाऐंशीचा ऑगस्ट, ती बारा वर्षांची, गळ्यात लाल रुमाल, आणि भूगोलाचे मास्तर अवेनीर मात्वेयेविच पुढे, वाकडी काठी घेऊन, पोरांची रांग मागे. तीन उन्हाळे ते ओकेपासून वर वर लुश्मा मोजत आले होते. गेल्या शतकातल्या कुठल्याशा पाहणीत नदीचा उगम ‘घळीतला थंडगार झरा’ एवढाच नोंदलेला, आणि तो कुणाला सापडत नव्हता. मास्तरांचे नियम होते. नदीकडे पाठ करून नाही, वाहत्या दिशेला तोंड करून उभं राहायचं, मग उजवा तो उजवा काठ. लुश्माचा उजवा काठ उंच, चुनखडीचा, डावा सपाट, कोबीच्या वाफ्यांचा. नोंदवहीत पेन्सिलनेच लिहायचं, शाई पाण्यात पसरते. आणि खोडरबर जवळही ठेवायचा नाही. चुकलं तर आडवी काट मारायची आणि वर नवं लिहायचं, म्हणजे काय चुकलं होतं ते पुढच्याला दिसतं. “खोडरबर हे चोराचं हत्यार,” असं ते म्हणत, आणि पोरं हसत. त्यांचा शेवटचा नियम झऱ्याचा होता. खऱ्या झऱ्यात हात घाला आणि आकडे मोजा, तीसच्या पुढे कुणाला जाता येणार नाही, हाडं ठणकतात.

घळीच्या टोकाशी, जिथे आता तोटी आहे, तिथे तेव्हा मातीतून पाणी उसळत होतं. स्वच्छ, भरपूर. पोरांनी आरडाओरडा केला. मास्तर गुडघ्यावर बसले, त्यांचे डोळे भरून आले होते हे तिने पाहिलं. “रिम्मा, तू,” ते म्हणाले. तिने बाही वर करून कोपरापर्यंत हात घातला आणि सगळी पोरं तिच्याबरोबर मोठ्याने मोजायला लागली. तीस झाले. पन्नास झाले. शंभर झाले तेव्हा टाळ्या पडल्या, कुणीतरी ओरडलं, ‘बर्फाची पोरगी!’ तिला वाटलं होतं की आपल्यात खरोखर काहीतरी आहे. मग आणखी दोघा-तिघांनी बाह्या वर केल्या, तेव्हा मास्तर एकदम म्हणाले, “पुरे. गर्दी करू नका, पाणी गढूळ होतं.” तिने थर्मामीटर बुडवला, पंधरा दिसले, तिने वहीत पंधरा लिहिले. मास्तरांनी वही हातात घेतली. मग म्हणाले, “तुझ्या मुठीत गरम झाला असेल थर्मामीटर. सहा लिही.” ती काट मारायला लागली तर त्यांनी तिचा हात धरला आणि स्वतःच्या खिशातून एक छोटा, पिवळा पडलेला खोडरबर काढला.

एवढंच. त्याच्यावर सगळं उभं राहिलं. वर्तमानपत्रात फोटो, पायोनियर बालसंघटनेच्या समुद्रकाठच्या शिबिराचं बक्षीस, भूगोलाच्या परीक्षेत तिला प्रश्न न विचारता दिलेले गुण, ही नोकरी. आणि तो पिवळा खोडरबर तिला आठवत नव्हता असं नाही. तो नेहमी आठवायचा, पण गोड आठवायचा. मास्तरांनी आपल्याला सांभाळून घेतलं, आपली चूक लपवली, असा. चाळीस वर्षं तिने त्या आठवणीला माया लावली होती, आणि आज ती आठवण हातात घेतली तर बुळबुळीत लागली.

अवेनीर मात्वेयेविच उजव्या काठावर, घळीच्या वर, पाच मजली जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत. वय शहाऐंशी. ती तिथूनच सरळ त्यांच्याकडे गेली. दार उघडलं तेव्हा घरातून कोबी, जुनी लोकर आणि मांजराचा भपकारा आला. मांजर मरून दोन वर्षं झाली होती. त्यांनी तिला स्वयंपाकघरात बसवलं, स्वतः किटली चढवली. किटलीत पाच लिटरच्या बाटलीतलं पाणी ओतलं.

“मला नको,” ती म्हणाली.

“असं कसं नको? आपल्या उगमाचं पाणी. बघ माझ्याकडे, गोळी नाही, इंजेक्शन नाही. चॅपेलवाल्या म्हाताऱ्या मला बघितलं की हात जोडतात. संत बिंत काही नाही गं, ही भूजलाची करामत.”

“चौदा आहे, अवेनीर मात्वेयेविच.”

त्यांनी गॅस बारीक केला. तिच्याकडे पाठ होती. त्यांच्या स्वेटरच्या कोपराला भोक होतं आणि भोकातून पांढरं, सालपटं निघालेलं कोपर दिसत होतं. तिला ते बघवेना आणि दुसरीकडे बघताही येईना.

“सप्टेंबर आहे,” ते म्हणाले.

“झऱ्याला सप्टेंबर नसतो. तुम्हीच शिकवलंत.”

“शिकवलं खरं.” ते बसले. “मग आता काय लिहिणार आहेस?”

“तुम्हाला तेव्हाच माहीत होतं.”

“तू शंभर मोजलेस ना, ऐंशीच्या पुढे माझ्या पोटात गोळा आला. तू अशी हसत होतीस माझ्याकडे बघून. मला वाटलं, पोरीने हात काढावा, खोटं का होईना, कण्हून काढावा. तू काढेनास.”

“म्हणजे चूक माझी.”

“तसं कुठे म्हणतोय मी? ऐक. त्या वर्षी घळीच्या त्या टोकाला गॅरेजं बांधायची ठरली होती. तीनशे. नकाशे झाले होते. उगम सापडला म्हटल्यावर त्यांनी ती तिथून हलवली, खाली दीड किलोमीटरवर नेली. एका आकड्याने दीड किलोमीटर खोरं वाचलं, रिम्मा. कोकिळा आहेत तिथे. बुलबुल येतात मे महिन्यात. मी खिडकी उघडी टाकून झोपतो. नळाचं तर नळाचं, पाणी वाहतंय ना? लिही सहा, पोरी. आणखी दहा वर्षं. तोवर मी काही नसतो.”

हे शेवटचं त्यांनी लाडाने म्हटलं, आणि तेच तिला सगळ्यात घाण वाटलं. ह्या माणसाला ती बापापेक्षा जास्त मानत आली होती. त्यांनी कपाटातून नोंदवही काढून आणली, शाळेचं प्रदर्शन मोडलं तेव्हा ती त्यांनी घरी नेली होती. ऑगस्टचं पान. तिचं बारा वर्षांचं, गोल, मन लावून काढलेलं अक्षर, आणि चौकटीत सहा. आणि सहाच्या खाली कागद घासून पातळ झालेला, उजेडाकडे धरला तर पलीकडची बोटं दिसावीत इतका. ते किटलीकडे वळले. ती चहा न घेता उठली.

गुरुवारी सकाळी तिने कचेरीत फोन करून सांगितलं की आज बाहेरचं काम आहे, रबरी बूट चढवले आणि चॅपेलच्या खालून नदीत उतरली. तिला काय हवं होतं ते तिला नीट सांगता आलं नसतं. फॉर्मवर चौदा लिहिला तर नदीच संपते; सहा लिहिला तर ती स्वतः. पण एवढा सतरा किलोमीटरचा ओघ, ओकेला मिळताना आठ मीटर रुंद, तो काय सगळा एका फुटक्या नळावर चालतो? कुठेतरी खरं पाणी असलंच पाहिजे. ते सापडलं तर निदान एका चौकटीत खरं लिहिता येईल. ती वाहत्या दिशेला तोंड करून चालायला लागली, उजवा काठ उजवीकडे. बोर्शेविकची झाडं डोक्याच्याही वर गेलेली, वाळून करकरत होती. ह्याचा रस अंगाला लागला की भाजल्यासारखे फोड येतात, म्हणून ती बाह्या ओढून बाजूने जाई. एके काळी गुरांना चारा म्हणून शहाण्या लोकांनी हे आणलं होतं. पाण्यात गाडीचे टायर, बाळाचे लंगोट, एक दार, एक पूर्ण सोफा, त्यावर शेवाळ बसलेलं. पुरे झालं असं नदीला कधी म्हणता येत नाही. तिच्यात जे टाकाल ते ती घेते, आणि तिच्या ह्या गुणाला लोक सौंदर्य म्हणतात. रिम्मा प्रत्येक ओहोळाशी वाकली, थर्मामीटर धरला, वहीत पेन्सिलने लिहिलं. उजवीकडून एक नाला, एकवीस. हा बॉयलरघराचा, त्याच्यावर वाफ होती आणि वाफेत गोगलगायी. डावीकडून एक, अठरा, साबणाचा फेस, धोबीखाना. मग एक पाईप, त्यातून जे येत होतं ते तिने मोजलं नाही. बांधाच्या वरून एक टँकर तोंड मागे करून उभा राहिलेला दिसला, त्याच्या जाड नळीतून घरांच्या संडासांतून उपसून आणलेला मैला घळीत सुटला, आणि ड्रायव्हर शेजारी उभा राहून सफरचंद खात होता. तिने ओरडायला तोंड उघडलं आणि वास तोंडात गेला. नदी अशी होती. अठ्ठावीस वर्षं ती जिची लांबी, रुंदी, ओघ कागदावर नीटनेटके लिहीत आली ती नदी म्हणजे शहराने ओतलेलं कोमट पाणी, आणि त्यात तिचे आकडे.

गॅरेजं आली तेव्हा दुपार होत होती. गंजलेल्या पत्र्याच्या तीन रांगा, नदीच्या काठावर विटांचा, राखेचा, काचांचा भराव टाकून वर बसवलेल्या. बहुतेकांना कुलपं होती. शेवटच्या रांगेत एक उघडं होतं. त्याच्या दारात एक जाडा माणूस बनियनवर स्टुलावर बसून खारवलेले मासे वाळायला लटकवत होता, आणि त्याने गॅरेजच्या फरशीतल्या खड्ड्यात हात घालून एक बाटली वर ओढली. बिअरची. रिम्मा चालत होती ती थबकली. बाटलीची काच पांढरी झाली होती, दवाने.

“ह्यात काय बर्फ ठेवलाय का तुम्ही?” तिने विचारलं.

“बर्फ कशाला?” तो हसला. “अहो, शाप आहे हा. सगळ्यांच्या खड्ड्यात बटाटे, लोणच्याच्या बरण्या, आणि माझ्या खड्ड्यात पाणी. चाळीस वर्षं झाली, वडलांपासनं. सिमेंट ओतलं, डांबर ओतलं, जुनं तेल ओतलं, साला खालनं येतंच. आणि हिवाळ्यात वाफ! एकदा शेजाऱ्याने आगीचा बंब बोलावला होता. तुम्ही कोण? वीजवाल्या का?”

“नदीवाली.”

“नदी? इथे कुठली नदी? ती घळ म्हणा.” त्याने टोपी मागे सारली. “मला तोल्या म्हणतात. या, बघायचं तर बघा. पण पाय जपून, घसरतं.”

खड्डा कंबरभर खोल होता. भिंतींना वर्षानुवर्षांच्या इंजिन-तेलाचा काळा थर, त्यावर केस, मेलेले किडे. पाणी काळं दिसत होतं, वर निळा-जांभळा तवंग, आणि एका जागी तो तवंग सारखा फाटत होता. खालून कुणीतरी फुंकत असावं तसा. रिम्मा त्या ओंगळ काठावर पोटावर पालथी झाली, कोटासकट. तिने थर्मामीटर दोरीने सोडला आणि घड्याळात पाच मिनिटं मोजली. वर ओढला. पाच पूर्णांक नऊ. तिने झटकून परत सोडला. पाच पूर्णांक नऊ. ती तशीच पडून राहिली. मग तिला पुढचं कळलं, आणि कळलं तेव्हा तिने कपाळ त्या तेलकट फरशीवर टेकवलं. ही गॅरेजं वर बांधायची होती. वरून हलवून इथे आणली, तिच्या सहामुळे. तिच्या त्या गोल, मन लावून काढलेल्या सहाने खरा झरा तीनशे गॅरेजांखाली गाडला होता.

तिने कोट काढला, ब्लाउजची बाही खांद्यापर्यंत वर केली.

“अहो बाई, हात नका घालू, काय काय ओतलंय त्यात!” तोल्या ओरडला.

तवंग दंडाला चिकटला, भिंतीची चिखलट बुळबुळ बोटांत शिरली, तिला शहारा आला. ती मोजायला लागली. एक. दोन. सातला मनगट दुखायला लागलं. बाराला तिला बोटं आहेत की नाहीत कळेना. पंधरा. सोळा. दात वाजत होते. बावीस म्हणता म्हणता तिच्या तोंडून हुंदका निघाला आणि तिने हात ओढून घेतला. लाल, तेलाने माखलेला, घाणेरडा हात. ती हसत होती की रडत होती हे तोल्यालाही कळेना. त्याने एक चिंधी पुढे केली, ती चिंधी हाताहून मळकी होती.

“बरणी आहे का हो एखादी? मोठी?”

तीन लिटरची लोणच्याची बरणी होती. तोल्याने ती बुडवून, झाकण लावून, वर्तमानपत्रात आणि स्वतःच्या जुन्या लोकरी जाकिटात गुंडाळून दिली. त्याच्या मोटारसायकलवरून उजव्या काठाच्या चढाने तीन मिनिटं लागली. रिम्मा पायऱ्या चढून गेली आणि बेल वाजवत राहिली.

अवेनीर मात्वेयेविच दारातच मागे सरले, तिच्या अंगाला येत असलेल्या वासाने. ती थेट स्वयंपाकघरात गेली, भांडी घासायचं तसराळं टेबलावर ठेवलं आणि बरणी त्यात रिकामी केली. डिझेल, कुजलेला पाला, लोणच्यातल्या जुन्या शेपूचा वास सगळ्या खोलीत भरला. किटली कालच्याच जागी होती.

“हे काय आणलंस घाण?”

“हात घाला.”

“रिम्मा.”

“घाला हात. मी मोजते.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग सावकाश स्वेटरची बाही वर केली, ते सालपटं निघालेलं कोपर उघडं झालं, आणि हात काळ्या पाण्यात गेला. तिने मोजायला सुरुवात केली. पाचला त्यांचा चेहरा बदलला. आठला ओठ निळे पडले. त्यांना कळलं होतं, पन्नास वर्षं भूगोल शिकवलेल्या हाताला कळलं होतं. पण हात काढेनात. वीस झाले. तीस झाले. त्यांचं सगळं अंग थरथरत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते तिच्याबरोबर मोजायला लागले, एकतीस, बत्तीस, पोरांच्या रांगेपुढे मोजत तसे, चढ्या आवाजात. त्यांना शंभर करायचे होते. हे तिला कळलं, आणि कळल्यावर दोन दिवसांत पहिल्यांदाच किळस मागे हटली. तिने त्यांचं मनगट धरलं आणि एकेचाळीसला हात बाहेर ओढला. बारीक, निळा, म्हातारा हात. तिने तो स्वतःच्या कोटाला पुसला.

“कुठे?” त्यांनी विचारलं.

“गॅरेजांखाली. शेवटच्या रांगेत.”

कोणती गॅरेजं, हे त्यांनी विचारलं नाही.

“म्हणजे वरचं जाणार,” ते म्हणाले. “चॅपेल, बुलबुल, सगळं.”

“वरचं जाईल. उगम इथून दीड किलोमीटर खाली लिहावा लागेल. तिथून पुढचं वाचवता आलं तर बघते. गॅरेजवाले शिव्या घालतील, नेल्ली बोलायची बंद होईल.”

“माझं नाव असेल फॉर्मवर?”

“दोघांचं असेल. का चुकलं तेही.”

त्यांनी मान हलवली. उठून त्यांनी कपाटातली नोंदवही आणली आणि ऑगस्टचं पान उघडून तिच्यापुढे ठेवलं. बोटं अजून वळत नव्हती, म्हणून पेन्सिल त्यांनी मुठीत धरून पुढे केली. रिम्माने पेन्सिल घेतली. सहाखालचा कागद इतका पातळ झाला होता की टोक लागलं तर फाटेल असं तिला वाटलं, आणि तिने बोटाच्या टोकाने तो सहा हळूच पुसून बघितला.

“खोडू नकोस,” अवेनीर मात्वेयेविच म्हणाले. “काट मार.”

तिने काट मारली. वर पंधरा लिहिले. तिच्या बोटांचं तेल पानाला लागलं होतं, त्याचा डाग पडला, तो तसाच राहू दिला.